सदाभाऊंचा पिक्चर

मला पिक्चर बघायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे लग्नाआधी आवडायचे. पेणला आळीतल्या पोरींबरोबर दुपारच्या खेळाला जायचे, रुमाल ओला होईस्तोवर रडायचे आणि घरी येऊन आईची बोलणी खायचे. मग उमेळ्याच्या सदानंदशी लग्न झालं आणि पिक्चर या प्रकाराचाच मला वीट आला. कारण या माणसाचं एका पिक्चरवर प्रेम होतं, आणि ते माझ्या आधीपासूनचं होतं.

परदेशी पिक्चर, काळापांढरा, चोरांचा. फोर्टात नवी नवी नोकरी लागली तेव्हा तिथल्या कुठल्याशा फिल्म क्लबात यांनी तो पाहिला. एकदाच. नाव फ्रेंच, आमच्याकडे कुणाच्या जिभेवर ते बसलं नाही. म्हणून अख्खा गाव त्याला 'सदाभाऊंचा पिक्चर' म्हणतो, जसा काही यांनीच तो काढलाय! हे तो सांगत सुटायचे. हळदीत सांगायचे, लाइट गेली की ओट्यावर सांगायचे, वाडीत केळीला पाणी लावता लावता गड्यांना सांगायचे. माझ्या सासऱ्यांच्या बाराव्याला भात शिजायला उशीर झाला, तर तिथेही सांगितला. भटजीबुवा दक्षिणा घेऊन निघालेले, ते परत फतकल मारून बसले. मी आत भांडी आपटत होते. बापाच्या बाराव्याला तरी चोऱ्यामाऱ्या नकोत की नाही?

गोष्ट अशी. तुरुंगातून नुकताच सुटलेला एक म्हातारा चोर. कुलपं उघडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. त्याचे तीन सोबती. बंदरावरचं धुक्यातलं शहर आणि तिथलं एक घड्याळाचं दुकान. दुकानाच्या मागच्या तळघरात हिऱ्यांची तिजोरी. दुकानात घड्याळं ढीगभर, पण चालतं एकच, माणसाच्या उंचीचं, लंबकाचं. त्याच्या बरोबर वर, माडीवर, राखणदार झोपतो. त्याला ती टिकटिक ऐकत झोपायची इतकी सवय की ती थांबली तर तो ताडकन उठून बसेल. आणि तळघराचं दार नेमकं त्याच घड्याळाच्या मागे. घड्याळ सरकवलं की ते बंद पडणार. मग म्हातारा काय करतो? घड्याळ थांबतं त्याच क्षणी तो आपल्या बोटाचं नख लाकडावर वाजवायला लागतो. टिक, टिक, टिक. बाकीचे तिघं आत जाऊन तिजोरी फोडून बाहेर येईपर्यंत हा नुसता उभा राहून घड्याळ होतो.

"आणि त्या सगळ्या वेळात," हे आवाज खाली आणून सांगायचे, "एक शब्द नाही. गाणं नाही, बाजा नाही. अर्धा तास!"

लोक माना डोलवायचे. मी मनात म्हणायचे, त्या चोराकडून तुम्हीही थोडं शिका, अर्धा तास गप्प बसा.

तर देवानं माझं ऐकलं. काचबिंदूनं यांचे डोळे गेले. एक आधीच अधू होता, दुसरा दोन वर्षांपूर्वी गेला. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. त्यानंतर एका हळदीत कोणीतरी म्हणालं, "सदाभाऊ, होऊन जाऊ दे पिक्चर!" हे म्हणाले, "अरे, आंधळ्यानं काय पिक्चर सांगायचा?" हसत म्हणाले, पण मांडवातले सगळे खाली बघायला लागले. त्या दिवसापासून यांनी तो विषय काढला नाही. मग हळूहळू बाकीचेही विषय काढेनात. ओट्यावर बसणं बंद झालं. आतल्या खोलीत रेडिओ बारीक करून पडून राहायचे. कोणी भेटायला आलं तर "झोपलेत म्हणून सांग" म्हणायचे. मला घरात शांतता हवी होती ना? घे म्हणावं शांतता. ती माझ्यानं सोसवेना. स्वयंपाकघरात मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचे, त्या चोराचे सोबती पाच होते ना हो, असं. आधी असते तर उसळून आले असते. आता नुसतं "असतील" म्हणायचे.

अशात एक दिवस शेल्डन आला. शेल्डन म्हणजे आमच्या शेजारच्या एमिलीमावशींचा धाकटा. व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये पडदा लावून जगभरचे पिक्चर दाखवतो. धापा टाकतच आत शिरला.

"अंकल, सापडला! तुमचा पिक्चर. नवीन साफ केलेली प्रिंट आलीय. आपण दाखवतोय."

हे उठून बसले. उशाचा रेडिओ बंद केला.

"पण एक प्रॉब्लेम आहे," शेल्डन म्हणाला. "खाली अक्षरं इंग्लिशमध्ये येतात. मम्मीसारख्या म्हाताऱ्या लोकांना ती वाचता येत नाहीत. कॉम्प्युटरकडून मराठी करून घेतलं, तर चोर एकमेकांना 'आदरणीय महोदय' म्हणायला लागले. तुम्ही माइकवर बसाल? तुम्हाला तर सगळं पाठ आहे, विसरला असाल ते मी आधी ऐकवून, अक्षरं वाचून दाखवीन. ते बोलतील तसं तुम्ही मराठीत सांगायचं."

"नाही जमणार," हे म्हणाले आणि परत आडवे झाले.

शेल्डन गेल्यावर मी यांना सोडलं नाही. गोड बोलून पाहिलं, मग माझ्या मूळ स्वभावावर आले. "जन्मभर माझं डोकं खाल्लंत त्या पिक्चरनं. आता अख्खा गाव बघायला बसणार आणि तुम्ही घरात पडून राहणार? लोक म्हणतील, थापा मारत होता म्हणून तोंड लपवून बसला!"

ते वर्मी लागलं. छताकडे तोंड करून पडले होते ते उठून बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. एकदा. पण लोकांसमोर चुकलो, तर पुन्हा मला कोणी बोलवायचं नाही आणि तूही मला कुठे चला म्हणायचं नाहीस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. म्हटलं खरं, पण हा माणूस बोलला की तसंच करतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी चूक झाली असती, तर मला यांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळाला नसता.

मग यांनी मला एक काम दिलं. म्हणाले, "बोलणं ऐकून मला कळेल पिक्चर कुठे आलाय ते. पण चोरीच्या वेळी कोणी बोलतच नाही. फक्त टिकटिक ऐकू येते. खऱ्या घड्याळाची कुठली आणि नखाची कुठली, कानाला फरक कळत नाही. तीच तर त्या म्हाताऱ्याची करामत! राखणदाराला कळत नाही, तसं मलाही कळणार नाही. म्हणून तू माझा हात धरून बस. घड्याळ सरकवलं, म्हाताऱ्यानं बोट लावलं, की माझा हात दाब. मी लोकांना सांगेन."

"एवढंच?"

"एवढंच. पण चुकू नकोस वसू."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं.

रविवारी हॉल गच्च भरला. उमेळ्याचे होतेच, नंदाखालहून एमिलीमावशींच्या माहेरचेही आले होते. नव्या बिल्डिंगीतली दोनचार जोडपीही होती. पण खरी गर्दी आमच्याच म्हाताऱ्या खोडांची. सगळ्यांना बघायचं होतं की जन्मभर कानानं ऐकलं ते डोळ्यांना तसंच दिसतं का. मागच्या रांगेत गॉडफ्रे बसला होता. गावच्या क्रिकेटचा अंपायर. कुणाची चूक पकडायला मिळाली की त्याला जेवण गोड लागतं. "सदाभाऊ, आज बघतो किती नो बॉल टाकलेत ते!" तो ओरडला. यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

दाराशी महिला मंडळाची हेमांगी कढई तापवून उभी. तिच्यावरून आधीच एक वाद झाला होता. शेल्डन म्हणत होता, हा पिक्चर सलग आहे, त्यात इंटर्वल नाही. हेमांगी म्हणाली, "सलग असेल तिकडे. इकडे माणसांना चहा लागतो. आणि मी वडे कधी विकू? पिक्चर सुटल्यावर सगळे घरी पळतात." आमच्याकडे इंटर्वल नसलेला पिक्चर म्हणजे नारळ न फोडता केलेलं उद्घाटन. शेवटी शेल्डननं बरोबर मध्यावर पिक्चर आपोआप थांबेल अशी सोय केली. तो मध्य नेमका कुठे पडतो, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

दिवे गेले. पडद्यावर धुकं आलं, बोटीचा भोंगा वाजला. आणि यांनी माइक तोंडाशी नेला.

काय सांगू, पहिल्या वाक्याला माझा जीव भांड्यात पडला. आवाज अगदी पूर्वीसारखा. तो म्हातारा चोर तुरुंगातून सुटून दारूच्या गुत्त्यावर येतो, तिथला मालक त्याला टोमणे मारतो. हे मालकाचं बोलणं आमच्या बाजारातल्या केळीच्या दलालासारखं करत होते. "काय शेठ, सरकारचा पाहुणचार मानवला वाटतं, गालावर मांस चढलंय!" हॉल खदखदा हसला. पडद्यावर तोंड हलायचं आणि यांचा शब्द बरोबर त्याच्यावर जाऊन बसायचा. गॉडफ्रेसुद्धा गप्प होता. मी मनात म्हटलं, जिंकलो आपण.

मग चोरीची वेळ आली. "आता मंडळी, हे बोलणार नाहीत, आणि मीही जास्त बोलणार नाही," हे म्हणाले. चौघं मागच्या खिडकीतून दुकानात उतरले. टिकटिक सुरू झाली. मी यांचा हात नीट धरून सरसावून बसले.

मला वाटत होतं, मला हे सगळं पाठ आहे. अहो, मला काहीही माहीत नव्हतं!

बुटांवर त्यांनी मोजे चढवले होते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फळ्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होता आणि ते चौघं त्या पट्ट्या ओलांडून चालत होते, उजेडात कुणाचं नुसतं कपाळ दिसे, कुणाचा नुसता हात. कोणी कोणाला काही मागत नव्हतं. एक हात मागे जायचा, दुसरा त्याच्यात बरोबर हवं ते हत्यार ठेवायचा. पापड लाटायला बसलेल्या जावा-जावांची कशी एक लय लागते, तसं. एकाच्या हनुवटीवर घामाचा थेंब लोंबत होता. तो खाली पत्र्यावर पडला तरी आवाज होईल, म्हणून दुसऱ्यानं नुसतं बोट पुढे केलं आणि तो थेंब बोटावर घेतला. मी श्वास घ्यायचा विसरले. चोर होते हो ते! मेल्यांनी उद्या माझंच घर फोडलं असतं. पण मी देवाला म्हणत होते, होऊ दे रे यांचं काम, उठवू नकोस त्याला.

घड्याळ त्यांनी लेकराला उचलावं तसं उचललं. लंबक थांबला, आणि म्हाताऱ्याच्या नखानं लाकूड धरलं. टिक, टिक. पापणी लवायला लागते तेवढाही खंड पडला नाही. दार उघडलं. तिघं आत गेले. तिजोरी दिसली. तिच्या अंगाला कान लावून एकानं डोळे मिटले.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, माइकमधून, अख्ख्या हॉलभर. "आता ते घड्याळ सरकवतायत, मंडळी. आता बघा, म्हातारा बोट लावेल."

मी हात दाबलाच नव्हता. हे वाट बघत बसले होते बिचारे, आणि शेवटी अंदाजानं बोलले.

"ओ सदाभाऊ!" मागून गॉडफ्रे ओरडला. "ते कधीच झालं! तिजोरीपाशी पोचले ते!"

दोघंतिघं हसले. कोणीतरी त्यांना गप्प केलं. यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला, माइक टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. मी "अहो" म्हटलं, तर बोटानं गप्प बस अशी खूण केली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक काम दिलं होतं मला. एक! जन्मभर त्या पिक्चरला नावं ठेवली आणि आयत्या वेळी त्याच्यातच जाऊन बसले, नवऱ्याला बाहेर सोडून. पण लाज वाटते सांगायला, त्याही वेळी माझे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. कुणाचेच हलत नव्हते. म्हाताऱ्याचा चेहरा जवळून दाखवला होता. वर माडीवर राखणदारानं कूस बदलली. पलंग करकरला. टिक, टिक, टिक.

आणि फटकन हॉलचे सगळे दिवे लागले. पडद्यावरचं चित्र गोठलं. दारातून हेमांगीचा आवाज आला, "गरम वडे! चला, इंटर्वल!"

कोणी उठलं नाही. उमेळ्यात वडा म्हटल्यावर कोणी उठत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नुसती भयाण शांतता होती, आणि मग माझ्या लक्षात आलं ती शांतता कसली होती. पिक्चरबरोबर टिकटिकही थांबली होती.

"अरे देवा," पुढच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं. "तो उठेल ना!"

एमिलीमावशी माझ्या पलीकडेच बसल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता आपला हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि नखानं वाजवायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. त्यांच्या शेजारणीनं आपलं नख लावलं. मग पलीकडच्या माणसानं. मागे कोणीतरी चष्म्याची काडी खुर्चीवर वाजवायला लागलं. बघता बघता रांगामागून रांगा सामील झाल्या, आणि सगळ्यांची लय एक, ना पुढे ना मागे. मी वळून पाहिलं. गॉडफ्रे घराच्या किल्लीनं खुर्चीचा पाय वाजवत होता, ओठ घट्ट मिटून, कपाळावर घाम! दारात हेमांगी एका हातात वड्यांची परात धरून उभी होती आणि दुसऱ्या हातातल्या झाऱ्यानं तिच्या कडेवर हळूहळू ठोके देत होती. शेल्डन इंटर्वल म्हणून निवांत बाहेर चहाला गेलेला. त्याला आणायला एकजण चवड्यांवर, आवाज न करता पळत गेला. दिवसाढवळ्या, दिवे लागलेल्या हॉलमध्ये, शंभरएक माणसं पडद्यावरच्या एका राखणदाराला झोपवून ठेवत होती.

यांनी मान वर केली. "वसू, हे काय चाललंय? उजेड झालाय ना? मग टिकटिक कुठून येतेय?"

"पिक्चर थांबलाय," मी कशीबशी बोलले. "टिकटिक बंद पडली ना, म्हणून लोक करतायत. राखणदार उठू नये म्हणून."

"लोक?"

"सगळे. गॉडफ्रेसुद्धा."

ते ऐकत बसले. चेहरा वर, दिव्याकडे. कान देऊन एकेक आवाज वेचत होते जणू, इकडे नखं, तिकडे किल्ली, दाराशी झारा. डोळ्यांना दिसत नाही, पण रडायला येतं त्यांना. ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी आपलं बोट टेबलाच्या फळीवर ठेवलं आणि त्या लयीत मिसळून गेले.

शेल्डन आला, "सॉरी, सॉरी" म्हणत लॅपटॉपवर झेपावला. दिवे गेले आणि पडद्यावरून म्हाताऱ्यानं आपली टिकटिक परत हातात घेतली. तेव्हा कुठे लोकांची बोटं एकेक करून थांबली. सगळ्या हॉलनं एकदम सुस्कारा टाकला. एमिलीमावशींचं बोट सगळ्यांत शेवटी थांबलं.

मी यांच्या कानाशी लागले. "अहो, माझं चुकलं. मी हात दाबायचा विसरले."

"का?"

"बघत होते."

यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "कसा आहे?"

"कसा आहे म्हणजे? तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत!" मी कुजबुजत भांडायला लागले. "इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवलात, आणि यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाहीत. तो घामाचा थेंब? तो उजेड? असं असतं होय?"

यांच्या खांद्याला गचके बसायला लागले. हसत होते. दोन वर्षांनी. "मग आता तू सांग," म्हणाले.

मग मी सांगितलं. त्यांच्या कानात, जमेल तसं. तिजोरीचं दार किती जाड, आतल्या मखमली पेट्या कशा, मागे वळताना एकाचा खिसा खिळ्याला कसा अडकला. "आणि म्हाताऱ्याचं बोट थरथरतंय हो," मी म्हटलं.

"छे. दगडासारखं असतं ते. मी नेहमी सांगतो."

"थरथरतंय. मी बघतेय ना. हात मनगटापासून थरथरतोय, त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवलाय. पण टिकटिक चुकत नाही."

यांनी आपलंच बोट चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "मी तेव्हा पंचविशीतला होतो. मला दिसलंच नसेल."

चोरांनी घड्याळ जागच्या जागी ठेवलं, लंबकाला बोटानं झोका दिला, आणि ज्या वाटेनं आले त्या वाटेनं धुक्यात गेले. पडद्यावर सकाळ झाली. माडीवरचा राखणदार उठला, हातपाय ताणले, खिडकी उघडली आणि अर्ध्या तासात पहिल्यांदा कोणीतरी तोंड उघडलं. राखणदार एक वाक्य बोलला. खाली इंग्लिश अक्षरं आली. बिल्डिंगीतली मंडळी फुटली हसून. आमची म्हातारी खोडं मात्र आमच्या टेबलाकडे वळली.

हे हलले नाहीत. माइक समोर पडलेला. "मी चुकलो ना वसू," मला म्हणाले. "बोलणं झालंय आपलं."

"सदाभाऊ," एमिलीमावशी म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानं. "काय म्हनला तो?"

यांनी मान नकारार्थी हलवली.

"अहो, आमी काय असंच बसायचं? काय म्हनला तो, सांगा ना!"

"बोला ओ सदाभाऊ!" मागून गॉडफ्रे ओरडला. "आम्हाला कसं कळणार?"

आता ऐका. राखणदार काय म्हणतो, हे एमिलीमावशींना तोंडपाठ होतं. गॉडफ्रेला तोंडपाठ होतं. मला तर झोपेत विचारलं तरी सांगता येईल. अख्ख्या उमेळ्यानं ते वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आमच्याकडे लहान पोरं शाळेला उशीर झाला की तेच म्हणतात. आणि यांनाही ठाऊक होतं की सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा हात शिवशिवत होता माइक उचलून त्यांच्या हातात कोंबायला. पण मी तो मांडीखाली दाबून बसले. शेल्डननं पिक्चर थांबवला होता. कोणी खोकत नव्हतं. टेबलावरून यांचा हात चाचपडत गेला, पाण्याच्या बाटलीला लागला, आणि माइकवर येऊन थांबला.

यांनी माइक उचलला. आधी त्याच्यात एक लांबलचक, आळसावलेली जांभई दिली.

"म्हणतो," हे म्हणाले, "वा! किती दिवसांनी अशी गाढ झोप लागली!"

छप्पर उडायचं तेवढं राहिलं. एमिलीमावशी टाळ्या पिटत होत्या, गॉडफ्रे खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारत होता, आणि मी भर हॉलमध्ये पदरात तोंड खुपसून हुंदके देत होते. शेल्डननं पिक्चर पुढे सोडला. दुकानाच्या दारात पोलीस आला होता, आणि हे त्याचा आवाज काढायला लागले होते.